घडी कोणी घालायची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेले काही महिने आपल्या कुटुंबांच्या ग्रुपवर एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. कुणी डिचोलीत फ्लॅट घेतलाय, कुणी साखळीत, कुणी पेडण्यात. घर लहान, माणसं चार-पाच, आणि येणारे-जाणारे वर्षभर. मग विचारणा होते, सोफा-कम-बेड घ्यावा का? भिंतीत मिटणारा पलंग टिकतो का? जेवणाचं टेबल घडीचं करावं का? फोटो येतात, मेस्तांचे नंबर येतात, भाव येतात. हे सगळं उपयोगाचंच आहे. आम्हीही त्यातूनच गेलो, म्हणून पुढे प्लायचं आणि बिजागऱ्यांचंही थोडं सांगणार आहोत. पण त्याआधी एक प्रश्न सगळ्यांनी मिळून विचारायला हवा, असं आम्हा सेवेकरी भगिनींना वाटतं.

घडीच्या सामानाने जागा वाचते असं आपण म्हणतो. ती जागा येते कुठून? भिंती तर मागे सरकत नाहीत. म्हणजे ती घरातल्याच कुणीतरी दिलेली असते. रोज सकाळी कुणीतरी उठून अंथरूण आवरतं, पलंग मिटतं, आणि रात्री सगळ्यांचा टीव्ही, जेवणं, फोन आटपेपर्यंत तो पुन्हा उघडायची वाट बघत बसतं. त्या माणसाच्या झोपेतून, त्याच्या पाठीतून, त्याच्या दुपारच्या अर्ध्या तासातून ती जागा निघते. मग खरा प्रश्न असा, की घडी कोणी घालायची, आणि ते ठरवायचं कोणी?

हा प्रश्न आपल्याकडे आत्ताच का आला तेही आपल्याला ठाऊक आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मूळ घरं मोठी. चिऱ्याच्या भिंती, मध्ये राजांगण, तुळस, पुढे सोपो. पण त्या घराला वाटेकरीही तितकेच. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या नागरी कायद्यात मुलगा-मुलगी दोघांनाही वारसा आहे, आणि ते चांगलंच आहे. पण तीन पिढ्यांत एका घराचे वीस-पंचवीस मालक होतात. एक मुंबईत, एक आखातात, एखादी पोर्तुगालला. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत वासे वाळवी खाऊन जाते. डिचोली तालुक्यात खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा कितीतरी दारांत ट्रक उभे राहिले आणि नवं घर बांधायचे बेत मागे पडले. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, आणि जमिनीचे भाव साध्या माणसाच्या हाताबाहेर गेले. म्हणून आपण फ्लॅटमध्ये आलो. आलोच आहोत, तर नीट राहू या.

खरं तर घडीचं सामान आपल्याला नवीन नाही. आजीच्या घरात जेवायला पाट, जेवणं झाली की पाट भिंतीला उभे. झोपायला चटई, सकाळी गुंडाळून कोपऱ्यात. दही-दूध शिंक्यात आणि बाळ पाळण्यात, दोन्ही वर टांगलेली. चवथीला गणपतीवर माटोळी बांधायची ती लाकडी चौकट, तीसुद्धा जमीन न अडवता वरच लटकणारी. पोथी ठेवायची ठवणी तर आपल्या घरोघरी आहे. एकाच फळीतून कोरून काढलेली, खिळा नाही, स्क्रू नाही. पारायण झालं की मिटून पुस्तकासारखी कपाटात जाते. जमीन मोकळी ठेवायची आणि सामान कामापुरतं खाली आणायचं, ही विद्या आपल्या घरांत होतीच.

पण जुन्या घराचं कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये. तिथे जागा भरपूर होती, पण सगळ्यांना सारखी नव्हती. सोप्यावर बसायचे ते पुरुष आणि आलेगेले. घरातल्या बाईला स्वयंपाकघर सोडून ‘ही माझी जागा’ म्हणून दाखवता येईल असा कोपरा क्वचितच मिळायचा. आणि गंमत बघा. आपल्याच कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, अर्धी तिची. घर विकायचं तर तिची सही लागते. म्हणजे कागदावर अर्धं घर, आणि घरात एक पाट. तोही जेवण झालं की भिंतीला उभा.

लहान जागेत माणसं एकमेकांना सांभाळून कशी राहतात, याचा एक धडा आपल्या गोव्याच्याच लोकांनी मुंबईत घालून दिलाय. आपल्या बोलीत कूड म्हणजे खोली. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातल्या ख्रिस्ती गावकऱ्यांनी आपापल्या गावाच्या नावाने कूड काढली. बोटीवर कामाला जाणारे, आचारी, बँडमध्ये वाजवणारे, असे लोक तिथे उतरायचे. भिंतीला लागून प्रत्येकाची एक पेटी. रात्री चटई अंथरायची, सकाळी गुंडाळायची. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची. जागा इतकी थोडी, की हातपाय पसरायची सोय नाही. तरी त्या कुडींबद्दल जुनी माणसं प्रेमाने बोलतात. आम्हाला त्याचं कारण असं वाटतं, की तिथे चटई गुंडाळणं सगळ्यांच्याच वाट्याला होतं, आणि पेटीही सगळ्यांनाच होती. घडी घालणारा वेगळा आणि पसरणारा वेगळा, असं नव्हतं.

याच्या उलट नमुना दूरचा आहे, पण आपल्या ओट्यापर्यंत येऊन पोचलेला. १९२६ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्ट शहरात साध्या लोकांसाठी लहान घरं बांधली जात होती. मार्गारेटे श्यूट-लिहोत्स्की नावाच्या एका वास्तुविशारद बाईंनी त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे सव्वासहा फूट बाय अकरा फूट. भिंतीवरून खाली येणारी इस्त्रीची फळी, पीठ-साखर ठेवायचे छोटे कप्पे, सगळं हाताच्या अंतरावर. काम करणाऱ्या बाईची पावलं आणि वेळ वाचावा हा त्यांचा हेतू. आज आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही आजीच. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण पुढच्या काळात बायकांनीच त्यावर बोट ठेवलं. त्या स्वयंपाकघरात एकच माणूस उभं राहू शकतं. दुसरं कुणी मदतीला आलं तर अडचणच होते. पावलं वाचली, जागा वाचली, पण काम करणारी एकटी पडली. आपल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात लेक किंवा सून शेजारी उभी राहिली की आपणच म्हणतो ना, “तू बाहेर बस गं, इथे दोघींना वळता येत नाही.” ती जागा कुणाकडून वाचवली, हे तेव्हा कळतं.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. लहान घराचा विषय निघाला की आपल्यात कुणीतरी म्हणतंच, सामान कमी करा, अपरिग्रह पाळा. बरोबर आहे. पण पतंजलींनी यम सांगितले त्यांचा क्रम बघा. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. अस्तेय तिसरा आणि अपरिग्रह पाचवा. अस्तेय म्हणजे चोरी न करणं. हा शब्द आपण पटकन ओलांडून पुढे जातो, कारण आपण कुठे चोरी करतो? पण दुसऱ्याचं ते त्याला न विचारता घेणं म्हणजे चोरी असेल, तर जागा ही घेण्यासारखी गोष्ट नाही का? दुपारी आडवं व्हायची जागा, आपल्या चार वस्तू ठेवायची जागा, मन भरून आलं तर दार लोटून बसायची जागा. ती न विचारता काढून घेतली, तर मग कपाटं कितीही मोकळी ठेवली तरी अपरिग्रह झाला असं म्हणता येणार नाही.

शिवाय अपरिग्रह हे ज्याचं त्याने धरायचं व्रत आहे. एकादशी आपण धरायची असते. सुनेला उपाशी ठेवून आपल्या नावावर एकादशी जमा होत नाही. तसंच एखाद्याने स्वतःचा पलंग सोडला तर तो त्याग. त्याने आईचा पलंग सोडला आणि ‘आम्ही साधेपणाने राहतो’ असं सांगितलं, तर त्याला काय म्हणायचं ते आपणच ठरवावं.

तमिळ देशातल्या आळ्वार संतांची एक कथा आहे. तिरुक्कोविलूर गावी रात्रीची वेळ, बाहेर मुसळधार पाऊस. एक संत एका घराच्या अरुंद देवडीत आडवे झाले होते. तेवढ्यात दुसरे संत भिजत आले. पहिले उठून बसले. म्हणाले, इथे एकाला झोपता येतं, पण दोघांना बसता येईल. थोड्या वेळाने तिसरे आले. दोघेही उभे राहिले, कारण दोघांना बसता येतं तिथे तिघांना उभं राहता येतं. तिघे काळोखात खेटून उभे, आणि त्यांना जाणवू लागलं की आणखी कुणीतरी आत आलंय, दाटी वाढलीय. तो चौथा म्हणजे प्रत्यक्ष भगवंत.

ही कथा आपण भक्तीची म्हणून सांगतो. पण जरा बारकाईने बघितली तर त्यात जागेचा न्यायही आहे. दाराशी आलेल्याने झोपलेल्याला उठवलं नाही. ज्याच्याकडे जागा होती तो आपण होऊन उठला. आणि तिघांच्याही पायांत उभं राहायचं बळ होतं. त्यातला एखादा म्हातारा आणि तापाने फणफणलेला असता तर? तर बाकीच्या दोघांनी त्याला झोपू दिलं असतं आणि स्वतः भिजत उभे राहिले असते, असं आम्हाला वाटतं. भगवंत तरीही आलाच असता.

म्हणून लहान घरासाठी आम्हाला पटलेला नियम एवढाच. ज्याच्यात घडी घालायचं बळ आहे त्याने घडीचं घ्यावं. ज्याच्यात ते नाही, त्याची जागा कायमची असावी. आणि घडी घालणाऱ्याने ती आपण होऊन पत्करावी, कुणी त्याच्यावर लादू नये.

बोलायला हे सोपं आहे, म्हणून आमच्या घरात ते कसं बसवलं तेही सांगतो. आमचा डिचोलीतला फ्लॅट एका बेडरूमचा, आतून मोजला तर साधारण ४३० चौरस फूट. माणसं चार. आम्ही दोघं, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि पेडणे तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई, वय ८३. मेस्त येऊन मापं घेऊन गेला आणि कॅलेंडरच्या पाठीवर आराखडा काढून आणला. सगळीकडे असतो तसाच होता. बेडरूममध्ये आमचा डबल बेड, त्याच्या पोटात पंपावर उघडणारा साठा. हॉलमध्ये सासूबाईंना सोफा-कम-बेड. मुलीला रात्री खाली गादी. “आजीचं सामान बेडच्या आत जाईल,” तो म्हणाला, “जुनी पेटी ठेवायची गरजच नाही.”

सासूबाई इतका वेळ गप्प बसून ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “आनी माजी पेटी खंय?”

पेटी तशी मोठी नाही. फणसाच्या लाकडाची, पितळी कडीची, त्यांच्या लग्नात आलेली. आत दोन नऊवारी लुगडी, सासऱ्यांचा चष्मा, थोडे कागद, कापराच्या वड्या आणि नातवंडांना द्यायला जपलेल्या नोटा. हे सगळं बेडच्या पोटात आरामात मावलं असतं. पण तो बेड उचलणार कोण? १९ मिलिमीटर जाडीची, आठ बाय चार फुटांची प्लायची एक शीटच ३५-४० किलोची भरते. वर गादी. पंप असला तरी ८३ वर्षांच्या बाईला ते झाकण उचलून आत वाकता येत नाही. म्हणजे चष्मा हातात घ्यावासा वाटला की त्यांनी दर वेळी कुणालातरी हाक मारायची. जे आपल्याला उघडता येत नाही ते आपलं कसं?

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही चौघं बसलो आणि आराखडा उलटा केला. बेडरूम सासूबाईंची आणि मुलीची. सासूबाईंचा पलंग कायमचा, तीन फूट रुंद, गादीसकट १८ इंच उंच, म्हणजे पाय जमिनीला टेकवून उठता येतं. पेटी उशाशी, घडवंचीवर, वाकावं लागू नये इतकी वर. मुलीचा पलंग त्यांच्या पलंगाखालून ओढून काढायचा, असं मेस्तने सुचवलं. पण तो बाहेर काढला की रात्री न्हाणीकडे जायची वाट अडते, म्हणून तो समोरच्या भिंतीला, वर मिटणारा केला. मध्ये साडेतीन फूट वाट राहिली. आणि हॉलमधला घडीचा पलंग आम्हा दोघांचा.

याची किंमत काय तेही सांगायला हवं, नाहीतर लेख वाचून कुणी घाईने ठरवेल. सकाळी सहाला आमचा पलंग मिटतो, झोप झालेली असो वा नसो. दुपारी पाठ टेकावीशी वाटली आणि बेल वाजली तर उठावं लागतं. आमच्यापैकी कुणाला ताप आला तर त्या दिवशी हॉल बंद, आलेल्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची. आणि नवरा-बायकोला दार लावून बोलायची सोय राहिली नाही. ते आम्ही संध्याकाळी फिरायला जाताना बोलून घेतो. हे सगळं आम्हाला झेपतं, म्हणून आमचं. सासूबाईंना झेपलं नसतं.

काही भगिनी विचारतील, कमावत्या माणसाच्या झोपेचं काय? बारावीच्या मुलाचं काय? बाळंतीण असेल तर? प्रश्न रास्त आहेत. नियम वयाचा नाही, बळाचा आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या मुलाला दिवसा अंधारी, शांत खोली हवी. त्या घरात कायमचा पलंग त्याचा. परीक्षेच्या चार महिन्यांत टेबल मुलाचं, बाकीच्यांनी पाटावर जेवावं. बाळंतिणीला खोली द्यायची हे तर आपल्या घरांत पूर्वीपासूनच आहे. बळ बदलतं, तशी वाटणीही बदलावी. वर्षातून एकदा, चवथीची झाडलोट काढतो तेव्हा, घराने मिळून पुन्हा ठरवावं.

दुसरी शंका अशी, की काही वडीलधाऱ्यांना हॉलच आवडतो. माणसांत असतात, करमतं. अगदी खरं. मग त्यांना विचारावं. पण कसं विचारतो त्यावर उत्तर असतं. “आई, तुम्हाला हॉलमध्ये चालेल ना?” असं विचारलं तर आपल्या आया एकच उत्तर देतात, “मला काय, कुठेही चालतं.” ते उत्तर नव्हे, ती सवय आहे. दोन्ही जागा दाखवाव्या, दोन-दोन रात्री झोपून बघायला सांगावं, मग विचारावं. तेव्हा खरं काय ते बाहेर येतं.

तिसरी शंका सगळ्यांत खोल. सद्गुरू आपल्याला ‘माझं माझं’ सोडायला सांगतात, आणि इथे तर प्रत्येकाला आपला कोपरा द्या असं चाललंय. यात विरोध नाही का? आम्ही यावर बराच विचार केला. ज्याच्याकडे काही आहे तोच ते सोडू शकतो. गेल्या चवथीला सासूबाईंनी पेटी उघडली आणि दोन्ही लुगडी नातीच्या हातात ठेवली. कुणी मागितली नव्हती. पेटीच काढून टाकली असती, तर त्यांच्याकडे द्यायला काय उरलं असतं? सोडायचा आनंदसुद्धा आपण त्यांच्याकडून काढून घेतला असता.

आता थोडं कामाचं, कारण अनेकांनी विचारलंय.

मेस्तला सांगण्याआधी सामानाचं उघडलेलं माप खडूने जमिनीवर काढा. मिटलेलं नव्हे, उघडलेलं. चार दिवस त्या रेघांसकट घरात वावरा. चालायला निदान अडीच फूट वाट हवी, वॉकर वापरणारं कुणी असेल तर तीन फूट.

भिंत कसली आहे ते आधी बघा. पोकळ ब्लॉकच्या किंवा मऊ चिऱ्याच्या भिंतीत साधी खुंटी हळूहळू ढिली होते. भिंतीत मिटणाऱ्या पलंगाचा भार शक्यतो खाली जमिनीवर घ्यायला सांगा, आणि मागे भक्कम आडवी पट्टी मारून घ्या.

आपल्याकडचा पाऊस लक्षात ठेवा. प्लाय घेताना शिक्का वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, आयएस ३०३ म्हणजे साधारण वापराची. खिडकीजवळ, न्हाणीच्या भिंतीला आणि ओट्याखाली ७१० च लावा. पाणी शिरतं ते कडांतून, म्हणून चारही कडा बंद करून घ्या, मागच्या बाजूच्याही. बिजागऱ्या पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या. लोखंडी बिजागरी दोन पावसाळ्यांत गंजून करकरू लागते, आणि मग ते सामान कुणी उघडतच नाही.

बेडच्या पोटातल्या साठ्यात हवा खेळायला भोकं ठेवा, नाहीतर कपड्यांना बुरशी धरते. मूळ घरातलं मोडकं दार किंवा चांगला राहिलेला वासा असेल तर मेस्तला दाखवा. जुनं लाकूड पुरतं सुकलेलं असतं, नव्यासारखं वाकत नाही. खिडकीखाली बसायचा बाक करणार असाल तर आधी खिडकीला जाळी, कारण मुलं त्यावर चढणारच.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. काम झाल्यावर घरातलं सगळ्यांत अशक्त माणूस, ज्याला ते सामान वापरायचंय, त्याने मेस्तसमोर ते एकट्याने उघडून आणि मिटून दाखवावं. मगच उरलेले पैसे द्यावे. मेस्तही यात काही वावगं मानत नाही. उलट जिथे जड जातंय तिथे लगेच दुरुस्त करून देतो.

एवढं झालं की मग अपरिग्रहाची पाळी येते. कारण वाचलेली जागा रिकामी राहत नाही. घडीचं टेबल मिटलं की त्याच्या खाली चपलांचा खोका येतो. सोफा-कम-बेडवर इस्त्रीचे कपडे साठतात, आणि पाहुणे आले की कपडे ठेवायला जागा नाही म्हणून तो उघडला जात नाही. आपण जागा वाचवतो ती सामानासाठी की माणसांसाठी, हे इथे ठरतं. शिरगावच्या जत्रेला, पेडण्याच्या पुनवेला, चवथीला आपल्याकडे माणसं येतात. गुरुवारी आरतीला दहा-बाराजण बसतात. त्यांच्यासाठी जमीन मोकळी असावी, म्हणून तर एवढा खटाटोप. घरात शंभर वस्तू असल्या तरी चालतील, पण आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणताना आधी काही उचलावं लागू नये.

या आठवड्याचा अभ्यास

१. घरातल्या प्रत्येकाचं नाव एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे लिहा: त्याची झोपायची जागा कोणती, ती रोज मिटते की कायम असते, आणि त्याच्या स्वतःच्या वस्तू कुठे आहेत.

२. ज्याच्यापुढे शेवटचा रकाना रिकामा राहतो, त्याच्याशी आधी बोला. फर्निचरचा विषय नंतर.

३. घरातली एखादी तरी घडी, जी आजवर दुसरं कुणीतरी घालत आलंय, ती या आठवड्यात आपण घाला. कुणाला सांगू नका.

तुमच्या घरात तुम्ही काय जमवलंत ते आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जरूर लिहा. फोटोपेक्षा मापं लिहिलीत तर इतरांना जास्त उपयोग होईल. ज्यांच्या घरी मोजायला, खडूने आखायला हात हवे असतील, त्यांनी गुरुवारी आरतीनंतर सांगावं. आम्ही दोघी-तिघी टेप घेऊन येऊ.

सर्वांच्या घरात सर्वांना जागा असो, हीच गुरुचरणी प्रार्थना.